शंभर टक्के भरलेलं धरण

दर पावसाळ्यात नाशिकच्या पेपरात दोन बातम्या ठरलेल्या असतात. पहिली, गंगापूर धरण भरत आलं. सोबत जलपूजनाचा फोटो, नारळ, साडी-चोळी, पुढाऱ्यांचे हसरे चेहरे. दुसरी, गोदावरीला पूर, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी. सोबत छत्र्या घेऊन होळकर पुलावर उभी असलेली गर्दी. पहिल्या बातमीवर आपण खूश होतो, दुसरीवर मोबाईल काढून पुलावर जातो. पण या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं फारसं कोणाच्या डोक्यात येत नाही.

संबंध आहे, आणि तो अगदी सरळ आहे. भरलेलं धरण पूर अडवत नाही. वरून जितकं पाणी येईल तितकंच्या तितकं ते खाली सोडतं. त्याच्यापुढे दुसरा पर्यायच नसतो.

आता माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. आमच्याकडे सर्व्हरची डिस्क ९० टक्के भरली की रात्री दोन वाजता फोन वाजतो आणि कोणीतरी बिचारा डोळे चोळत उठून जागा रिकामी करत बसतो. डिस्क १०० टक्के भरली म्हणून पेढे वाटणारा इंजिनियर मी अजून पाहिलेला नाही. धरणाच्या बाबतीत मात्र आपण नेमके पेढे वाटतो. तुम्ही म्हणाल, डिस्क आणि धरण एक नाही, धरण भरायलाच बांधलेलं असतं. बरोबर. पण मग त्याच धरणाने आपल्याला पुरापासूनही वाचवावं ही अपेक्षा सोडून द्या. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच पाण्याकडून मागता येत नाहीत. या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे. बाकी सगळा हिशोब आहे.

आधी धरण कशासाठी आहे ते बघू

गंगापूर हे नाशिकच्या पश्चिमेला गोदावरीवर बांधलेलं मातीचं धरण. १९६५ च्या सुमारास पूर्ण झालं. बांधलं ते सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी. पूरनियंत्रण हा त्याचा मूळ उद्देश नव्हता. पुरावा हवा असेल तर घरातल्या आजोबा-आजींना विचारा. नाशिकचा सगळ्यात गाजलेला महापूर १९६९ चा. म्हणजे धरण उभं राहिल्यानंतरचा!

नंतर गंगापूरच्या वरच्या अंगाला काश्यपी आणि गौतमी-गोदावरी ही धरणं झाली. आळंदी धरणाचं पाणी गंगापूरच्या खाली गोदावरीला मिळतं. या सगळ्यांना मिळून 'गंगापूर समूह' म्हणतात. तरीही १९ सप्टेंबर २००८ ला पूर आला, २ ऑगस्ट २०१६ ला आला आणि ४ ऑगस्ट २०१९ ला आला. सराफ बाजार, भांडी बाजार, कापड पेठ यांनी हे सगळं सोसलंय. गोदाकाठच्या व्यापाऱ्यांना पुराचं पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं की माल माळ्यावर टाकायचा हे तोंडपाठ असतं. नारोशंकराची घंटा आणि दुतोंड्या मारुती ही नाशिकची जुनी मोजपट्टी. घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा. जगात इतकं सोपं यूजर इंटरफेस असलेलं पूरमापक यंत्र दुसरं नसेल. :-)

पण मारुती फक्त आलेला पूर मोजतो. येणारा पूर किती कमी करता आला असता, हे सांगायचं काम त्याचं नाही. ते आपण करू.

पाचवीतलं गणित

पाण्याच्या बातम्यांमध्ये दोन एककं येतात आणि वाचणारा दोन्हींना घाबरून पान उलटतो. एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट. हे साठ्याचं एकक. दुसरं क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट. हे वेगाचं एकक. एक हार्ड डिस्कचा आकार, दुसरा डाउनलोड स्पीड. संपलं.

गंगापूरची साठवण क्षमता सध्या ५.६३ टीएमसी धरतात. मूळची ७.२ टीएमसी होती, बाकीची गाळाने खाल्ली. आता समजा त्र्यंबक-अंबोलीच्या डोंगरात धो धो पाऊस पडतोय आणि धरणात ५०,००० क्युसेक येतंय. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला की दिवसाला ४.३२ टीएमसी होतात. म्हणजे अख्खं गंगापूर धरण, तळापासून वरपर्यंत पूर्ण रिकामं असलं तरी, अशा प्रवाहात सुमारे ३१ तासांत भरेल. यातून पहिली गोष्ट कळते ती ही, की मोठ्या पुरापुढे आपलं धरण लहान आहे. 'धरण आहे ना, मग पूर कसा आला?' हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी हा गुणाकार एकदा स्वतः करून बघावा.

पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. समजा धरणाचा वरचा फक्त २० टक्के भाग रिकामा ठेवला. म्हणजे साधारण १.१ टीएमसी. याने काय होईल? येणाऱ्या ५०,००० क्युसेकमधले २५,००० धरणात जिरवायचे आणि २५,००० खाली सोडायचे, हे सुमारे १२ तास चालवता येईल. बारा तास! डोंगरातल्या पावसाचा अगदी जोराचा तडाखा बऱ्याचदा काही तासांचाच असतो. ते तास निभावले तर रामकुंडावर गळ्याला लागणारं पाणी कमरेवर थांबू शकतं. दुकानदाराच्या हिशोबात याचा अर्थ, तळमजला गेला पण माळा वाचला.

पावसाच्या बाजूनेही हेच गणित करता येतं. १०० चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि जमीन आधीच तुडुंब असल्यामुळे सगळा वाहून आला, तर ०.३५ टीएमसी पाणी होतं. आपल्याकडे घाटमाथ्यावर एका दिवसात १०० मिलिमीटर म्हणजे काही जगबुडी नव्हे. धरणाच्या मागच्या डोंगरांचे असे तीन तुकडे धरले की तो वीस टक्क्यांचा कप्पा भरला. म्हणजे हा कप्पा काही प्रचंड नाही. पण शून्य आणि थोडं यात जो फरक असतो, तो बाजारात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलेल्या माणसाला विचारा.

एका पातळीचे चार मालक

अडचण अशी आहे, की धरणात पातळी एकच असते आणि तिचे मालक चार.

शेतकऱ्याला धरण भरलेलं हवं, कारण द्राक्षाच्या बागेला एप्रिलमध्ये पाणी लागतं. शहराला भरलेलं हवं, कारण नळाला मे-जूनमध्येही पाणी यायला हवं. पर्यटनवाल्यांना भरलेलं हवं, कारण चिखलाच्या काठावर बोट क्लबला कोण जाणार? आणि चौथा मालक म्हणजे आम्ही, गळ टाकून बसणारे.

हो, मी त्यातला आहे. महिन्यातून एक-दोन शनिवारी गंगावऱ्हे, सावरगावच्या बाजूला बॅकवॉटरवर आमचं टोळकं जातं. आमचा स्वार्थ सांगतो. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. पाणी एका पातळीला स्थिर असलं की त्यांच्या फिरण्याच्या जागा ठरतात, मग पीठ आणि शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा कुठे टाकायचा याचा अंदाज बसतो. पातळी दर दोन दिवसांनी हलली की काठ हलतो, उथळ जागा उघडी पडते, आणि आम्ही दिवसभर फ्लोटकडे बघत चहा पीत बसतो. आमच्यापेक्षा कितीतरी जास्त पणाला लागलंय ते काठावरच्या गावांमधल्या मच्छीमारांचं. जलाशयातली मासेमारी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिली जाते. त्या संस्था पैसे घालून मत्स्यबीज, बोटुकली सोडतात आणि वर्षभर त्यावर घरं चालतात. आम्ही हौशी लोक मासा नाही लागला तर हॉटेलात जेवतो. त्यांना ती सोय नाही.

तर या चारही मालकांना धरण भरलेलं हवं आहे. रिकामं हवं असणारा माणूस कोण? तो खाली राहतो. पंचवटीत, गंगाघाटावर, टाकळीच्या बाजूला. तो जलपूजनाच्या फोटोत नसतो. त्याचं म्हणणं कोणत्याही बैठकीत 'वापरकर्ता' म्हणून नोंदलं जात नाही, कारण तो पाणी वापरत नाही, पाणी त्याला वापरतं.

माझा आक्षेप इथे आहे. मासेमाराचं ऐका, बोटवाल्याचं ऐका, बागायतदाराचं तर ऐकाच. पण जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या पाचव्या हिश्शावर पहिला हक्क खालच्या माणसाचा आहे. तो हिस्सा त्या दोन महिन्यांत मोकळा असायला हवा, आणि तो मोकळा आहे हे सगळ्या शहराला डोळ्यांनी दिसायला हवं.

टेक्सोमाची गोष्ट

'हे सगळं कागदावर ठीक आहे, प्रत्यक्षात एकाच तलावात पूरही अडवायचा आणि गळही टाकायचा, असं कुठे होतं का?' होतं. तुमच्यातले जे डॅलसला ऑनसाइट गेले असतील त्यांनी लेक टेक्सोमा पाहिला असेल. टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या सीमेवर रेड नदीवर डेनिसन धरण बांधून झालेला हा मानवनिर्मित तलाव. अमेरिकन लष्कराच्या इंजिनियर्सनी १९४० च्या दशकात बांधला. स्ट्राइप्ड बास नावाच्या माशासाठी तिथे लांबून लांबून लोक येतात.

या तलावाची गंमत अशी. नेहमीचा साठा साधारण ६१७ फूट उंचीपर्यंत धरायचा. सांडवा आहे ६४० फुटांवर. मधले २३ फूट पुराचे. तिथे पाणी आलं तर पाहुणा म्हणून येतं, आणि खाली नदीला झेपेल तसं पुढे पाठवून तो कप्पा पुन्हा मोकळा केला जातो. तिथले गळवाले, बोटवाले, काठावरचे घरमालक पातळीवरून भांडत नाहीत असं नाही, भरपूर भांडतात. पण ६१७ हा आकडा सगळ्यांना माहीत असतो. भांडण आकड्यावर होतं, अफवेवर नाही. आणि एवढा मोठा मोकळा कप्पा ठेवूनही १९५७, १९९०, २००७ आणि २०१५ साली पाणी सांडव्यावरून गेलंच. म्हणून तिथे कोणी 'धरण आहे, आता पूर येणार नाही' असंही म्हणत नाही.

'ते अमेरिकेत, त्यांच्याकडे जागा आहे' असं म्हणणाऱ्यांसाठी घरचं उदाहरण. दामोदर खोऱ्यातली मायथन (१९५७) आणि पंचेत (१९५९) ही धरणं पूरनियंत्रण हा उद्देश धरूनच बांधली. पण पुराचा कप्पा पूर्ण वापरायचा तर वरची जितकी जमीन घ्यायला हवी होती तितकी घेतलीच गेली नाही. कप्पा कागदावर मोठा, प्रत्यक्षात लहान. आणि बंगालमध्ये पूर आला की 'धरणाने पाणी सोडलं' म्हणून आजही राजकारण पेटतं. धडा काय? पुराची जागा नुसती डिझाईनमध्ये दाखवून चालत नाही, ती दर वर्षी राखावी लागते. जी जागा कोणी राखत नाही तिथे आपल्या देशात काय होतं हे सांगायला नको.

'पण पाऊस आलाच नाही तर?'

हा खरा प्रश्न आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुलैत पाणी सोडून दिलं आणि ऑगस्ट कोरडा गेला तर? मग शहर बोंबलणार, शेतकरी रस्त्यावर येणार, आणि ज्या अभियंत्याने दरवाजे उघडले त्याची चौकशी लागणार. पूर आला तर दोष निसर्गाचा, धरण भरलं नाही तर दोष अभियंत्याचा. अशा नोकरीत तुम्ही असतात तर काय केलं असतंत? धरण भरून ठेवलं असतंत. मीही तेच केलं असतं. म्हणूनच हा प्रश्न अधिकाऱ्याच्या हिमतीवर सोडायचा नसतो, नियमावर सोडायचा असतो.

नियम असतो, बरं का. जलसंपदा विभागाकडे जलाशय परिचालनाचं वेळापत्रक असतं. कोणत्या पंधरवड्यात धरण किती भरू द्यायचं, याचा तक्ता. कल्पना अगदी योग्य आहे: सुरुवातीला जागा ठेवा, पावसाळा उतरेल तसं भरत जा, शेवटी पूर्ण भरा. माझी तक्रार इतकीच, की जलपूजनाच्या फलकांनी भरलेल्या या शहरात तो तक्ता लावलेला एकही फलक मला कधी दिसलेला नाही. जो नियम लोकांना माहीत नाही, तो पाळला की मोडला हे विचारणार कोण?

आता पाऊस आला नाही तर, याचं उत्तर तीन भागांत.

एक, तारखा बघा. २०१६ चा पूर २ ऑगस्टला, २०१९ चा ४ ऑगस्टला. तेव्हा पावसाळ्याचे जवळपास दोन महिने बाकी होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाचवा हिस्सा मोकळा ठेवणं आणि २५ सप्टेंबरला मोकळा ठेवणं, या दोन जुगारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी पहिला खेळा म्हणतोय, दुसरा नाही. यात २००८ सारखा १९ सप्टेंबरचा पूर निसटतो, हे मान्य. तोवर धरण बहुतेक भरत आलेलं असणार, आणि तेव्हा भरवसा हवामानाच्या अंदाजावर आणि वेळेवर दिलेल्या इशाऱ्यावरच ठेवावा लागेल.

दोन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सोडलेलं पाणी वाया जात नाही. ते नांदूर मधमेश्वरला जातं आणि तिथून पुढे पैठणला, जायकवाडीत. आता आठवा, नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हे भांडण काय आहे? २००५ च्या कायद्यातलं समन्यायी वाटपाचं तत्त्व, आणि त्यावरचा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २०१४ चा आदेश. त्या आदेशाचा गाभा असा, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. टक्का पुढेमागे बदलेल, तत्त्व राहील. मग जरा डोकं शांत ठेवून विचार करा. जुलैच्या शेवटी आपण जे एक टीएमसी मोकळं केलं, ते ऑक्टोबरमध्ये जायकवाडीच्या खात्यात जमा दिसणारच आहे. नाहीतर तेच पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कोरड्या नदीतून, पोलीस बंदोबस्तात, मोर्चे आणि कोर्टबाजी करून सोडावं लागतं, आणि वाटेत बरंचसं वाळू पिते. भर पावसात वाहत्या नदीतून पाठवलेलं पाणी कमी गळतीत पोचतं. खाली द्यायचं पाणी आणि पुरासाठी करायची जागा, ही एकाच व्यवहाराची दोन नावं आहेत. आपण मात्र एकदा पुरात बुडतो आणि नंतर पुन्हा पाण्यासाठी भांडतो.

तीन, गाळ. मूळच्या ७.२ मधले दीड टीएमसीहून जास्त गाळात गेले. मी ज्या कप्प्यासाठी एवढा घसा फोडतोय तो १.१ टीएमसीचा! लोकांना वाटतं गाळ तळाशी बसतो, त्याने काय फरक पडतो. तसं नाही. नदी जिथे तलावात शिरते तिथे तिचा वेग पडतो आणि गाळ तिथेच, काठाकाठाने, वापराच्या साठ्यातही बसतो. उन्हाळ्यात बॅकवॉटरला या, भेगा पडलेल्या त्या सपाट मैदानांवरून चालून बघा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून राज्यात आहे. मोठ्या धरणातला सगळा गाळ ट्रॅक्टरने निघत नाही हे मलाही कळतं. पण दर उन्हाळ्यात थोडा काढला आणि डोंगरावरून येणारा थोपवला, तर शेतकऱ्याचं पाणी न तोडता पुराला जागा मिळते.

आणि आम्हा गळवाल्यांचं काय? सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी टपरीवरच्या चहासारखं गढूळ असतं, तेव्हा आमचं तसंही काही खरं नसतं. आमचा हंगाम पाणी निवळल्यावर सुरू होतो. म्हणजे ज्या महिन्यांत जागा मोकळी हवी त्या महिन्यांत आमचं नुकसान जवळपास शून्य. संस्थांनी सोडलेल्या बोटुकल्यांना तर धरण तुडुंब भरून दरवाजे एकदम वर करावे लागणं हेच जास्त घातक, सांडव्यावरून वाहून जाण्याची भीती तेव्हाच जास्त. हळूहळू, सांगून सोडलेलं पाणी माशालाही मानवतं आणि सोमेश्वर-आनंदवल्लीला नदीत पाय टाकून गळ लावून बसलेल्या पोरांनाही.

आता तुमच्या फ्लॅटबद्दल

इथवर वाचून तुम्ही म्हणत असाल, आम्ही कुठे सराफ बाजारात राहतो? ठीक. गंगापूर रोडवर 'रिव्हर व्ह्यू' फ्लॅट बघताय ना? मग हे वाचा.

नदीकाठी दोन रेषा आखलेल्या असतात. निळी पूररेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्या मध्ये अटींसह परवानगी. '२५ वर्षांतून एकदा' ऐकलं की आपल्याला वाटतं, चला, २००८ ला येऊन गेला, आता २०३३ पर्यंत निवांत. संभाव्यतेचा पेपर आपण सगळे कसाबसा का होईना पास झालोय, तेव्हा असं म्हणायची सोय नाही. दर वर्षी शक्यता ४ टक्के. तुमचं गृहकर्ज २० वर्षांचं. वीसही वर्षं पूर न येण्याची शक्यता ०.९६ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ४४ टक्के. म्हणजे निळ्या रेषेवरच्या जागेत हप्ते फिटायच्या आत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के. नाणेफेकीपेक्षा वाईट! लाल रेषेवर हाच आकडा १८ टक्के. रशियन रूलेटमध्ये सहात एक गोळी असते, म्हणजे १७ टक्के. :-)

आणि हे धरणामुळे बदलत नाही. गंगापूरच्या खाली आळंदीचं पाणी येतं, शहरातून वाघाडी येते, नासर्डी येते. आपण प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवले, नाले पाइपात कोंबले. शहरावर पडणारा पाऊस पूर्वी जमिनीत जायचा तो आता थेट नदीत जातो. धरणाचे दरवाजे बंद असले तरी हे पाणी येतंच. धरणात जागा ठेवायची ती यासाठीसुद्धा, की शहराचं पाणी उतरेपर्यंत वरचं पाणी थोडं धरून ठेवता यावं. आमच्याकडे याला रेट लिमिटर म्हणतात. त्याच्या बादलीत जागा असेल तरच तो चालतो.

२ ऑगस्ट

आता एक तारीख. २०२७ च्या सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान जाहीर झालंय २ ऑगस्ट २०२७ ला. २०१६ चा पूर कोणत्या तारखेला आला होता ते वर जाऊन पुन्हा बघा.

योगायोग आहे, मान्य. पण ऑगस्टचा पहिला आठवडा गोदावरीला पूर येण्यासारखा असतो, यात योगायोग काही नाही. त्या दिवशी रामकुंडावर किती माणसं असतील याची कल्पना प्रत्येक नाशिककराला आहे. आपले घाट नदीपात्रात आहेत, येण्याजाण्याच्या वाटा अरुंद आहेत. २०१५ च्या सिंहस्थात दुष्काळ होता, तेव्हा वाद झाला तो स्नानासाठी धरणातून पाणी सोडायचं की नाही यावर. तो अनुभव डोक्यात ठेवून कोणी २०२७ ला 'असू दे जरा जास्त साठा' म्हणून धरण जुलैतच तुडुंब केलं, तर त्यासारखी घोडचूक दुसरी नसेल. स्नानाला कंबरभर पाणी लागतं. ते थोड्या साठ्यातूनही देता येतं. आलेला लोंढा मात्र भरलेल्या धरणातून परत घेता येत नाही.

म्हणून माझ्या मागण्या चारच, आणि एकीलाही हजार कोटी लागत नाहीत.

परिचालनाचा तक्ता मराठीत, मोठ्या अक्षरांत, रामकुंडावर, होळकर पुलावर आणि बोट क्लबवर लावा. आजची पातळी आणि आज किती असायला हवी ती पातळी, शेजारी शेजारी. धरणाच्या आतल्या काठावर रंगाचा पट्टा मारा: याच्या वरची जागा १५ ऑगस्टपर्यंत पुराची. म्हणजे गळवालाही बघेल आणि पुढारीही. जुलै-ऑगस्टमध्ये सोडलेलं पाणी जायकवाडीच्या हिशोबात नाशिकच्या नावावर जमा धरण्याचं लेखी कबूल करून घ्या, म्हणजे पाणी सोडणाऱ्या अभियंत्याला भ्यायचं कारण उरणार नाही. आणि फ्लॅटच्या करारनाम्यात पूररेषेपासूनचं अंतर आणि उंची ठळक लिहिणं सक्तीचं करा. चटई क्षेत्र दशांशात लिहिता ना, मग हेही लिहा.

जलपूजन बंद करा असं मी म्हणत नाही. जरूर करा, पण सप्टेंबरच्या शेवटी, पावसाळा ओसरल्यावर, धरण खरंच सुखरूप भरलं की. मी स्वतः येईन नारळ घेऊन. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मात्र कोणी 'धरण शंभर टक्के' म्हणून पेढा पुढे केला, तर त्याला एवढंच विचारा, की वरून अजून आलं तर ठेवणार कुठे?